एवढंच होतं होय!

मैत्रिणींनो, आज जरा वेगळ्याच विषयावर लिहितेय. विषय आहे गाडीच्या छतातला दिवा. हो, तोच. दार उघडलं की लागतो आणि दार लावलं की विझतो, तो छोटासा दिवा. तुम्ही म्हणाल, महागाई, मुलांच्या परीक्षा, घरातली आजारपणं हे सगळे विषय संपले की काय? संपले नाहीत हो. पण गेल्या पावसाळ्यात या एवढ्याशा दिव्याने मला जो धडा शिकवला, तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्याकडे एक जुनी छोटी गाडी आहे. ह्यांनी सेकंडहँड घेतलेली. मी ती वयाच्या अडतिसाव्या वर्षी चालवायला शिकले. कराडजवळच्या आमच्या गावात तेव्हा गाडी चालवणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या होत्या. आता खूप आहेत. आमच्या महिला मंडळाच्या कामासाठी वाड्या-वस्त्यांवर जावं लागतं, बचत गटाच्या बैठका असतात, कधी कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं. एसटीच्या वेळा सांभाळून ही कामं होत नाहीत. म्हणून शिकले.

जून महिन्यात कधीतरी हा दिवा दार उघडल्यावर लागेनासा झाला. पहिले दोन दिवस लक्षात आलं नाही. मग आलं, तर म्हटलं, बघू नंतर. अहो, चार चाकं फिरतायत, ब्रेक लागतोय, वायपर चालतोय, मग आतल्या दिव्याचं काय एवढं? अंधारात काही शोधायचं असलं की छताला हात लावून बटणाने दिवा लावायचा आणि काम झालं की बंद करायचा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘गॅरेजला टाकू एकदा.’ ते ‘एकदा’ काही उगवलं नाही. घरोघरी तसंच असतं.

मग जुलैतली ती रात्र आली. पाऊस धो धो पडत होता. रात्री दीडच्या सुमाराला फोन वाजला. आमच्याकडे बैठकीला येणारी एक मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेलं. कडेवर दीड वर्षाचं लेकरू. पाटण रस्त्यावरच्या एका फाट्यावर, बंद असलेल्या चहाच्या टपरीच्या आडोशाला उभी होती. मी तिला म्हटलं, ११२ला फोन कर. ती म्हणाली, ‘ताई, पोलीस नको, तुम्ही या.’ या मुलींची मनं अशा वेळी कशी चालतात, ते या कामातल्या सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, ‘अर्ध्या तासात येते. हलू नकोस.’

आम्ही दोघं खाली आलो. गाडीवरचं कव्हर काढलं, किल्ली फिरवली... नुसतं ‘टक’. पुन्हा फिरवली. पुन्हा ‘टक’. वर बघितलं तर छतातला दिवा अगदी मिणमिणता, लालसर, निखाऱ्यासारखा दिसत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी अकरा वाजता सीटखाली पडलेली पावती शोधायला मी तो दिवा बटणाने लावला होता आणि बंद करायला विसरले होते. दिवसाउजेडी तो लागलेला कळला नाही. नंतर पाऊस आला म्हणून वर कव्हर टाकलं, त्यामुळे बाहेरूनही कुणाला दिसला नाही. चौदा-साडेचौदा तास तो दिवा जळत होता आणि आमची चार वर्षांची म्हातारी बॅटरी पीत होता.

शेजारची दोन पोरं उठवली. चिखलात गाडी ढकलली. सुरू होईना. शेवटी पहाटेच्या दुधासाठी निघालेला एक टेम्पोवाला थांबला. त्याच्याकडे जोडायच्या वायरी होत्या. त्याच्या बॅटरीवरून आमची गाडी सुरू झाली, तेव्हा अडीच वाजत आले होते. फाट्यावर पोचलो. गाडी बंद करायची हिंमत नव्हती, ती तशीच सुरू ठेवली. ती मुलगी तिथेच होती, लेकरू पदराखाली घेऊन. नखशिखांत भिजलेली. तिच्या मोबाइलची बॅटरीही संपली होती, त्यामुळे मी केलेले फोन तिला लागलेच नव्हते. गाडीत बसल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलली सांगू? ‘ताई, मला वाटलं तुम्ही पण नाही येणार.’

ती आज सुखरूप आहे, माहेरी आहे, शिवणकाम करते. पण ते वाक्य अजून माझ्या कानातून गेलेलं नाही. त्या तासाभरात काहीही झालं असतं. आणि कारण काय? एक दिवा, जो दुरुस्त करायचं मी महिनाभर टाळलं. टाळलं, कारण ते ‘आपलं काम नाही’ असं मनात कुठेतरी पक्कं बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. गाडी मी चालवत नेली, ह्यांना शेजारी बसवून. बिघाड मी सांगत होते. पण गॅरेजवाला उत्तरं ह्यांना देत होता! ‘साहेब, पावसाचं पाणी गेलंय. वायरिंग खराब झालंय. सगळं बदलावं लागेल. साडेचार हजार धरून चला.’ मी विचारलं, नक्की कुठली वायर खराब आहे? तर म्हणाला, ‘वहिनी, ते तुम्हाला नाही कळायचं.’ ह्यांनी मान डोलावली. त्यांनाही काही कळलेलं नव्हतं, पण पुरुषांना ‘कळलं नाही’ म्हणायची चोरी असते ना! ते होकार देणार एवढ्यात मी म्हटलं, ‘आम्ही विचार करून सांगतो.’ भाजीवालीशी घासाघीस करायची सवय अशी कामी येते.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गेले. काका म्हणाले, ‘मी करून देणार नाही. तू कर, मी बघतो.’ मी म्हटलं, काका, मी बी.ए. आहे हो, तेही इतिहास घेऊन. तर म्हणाले, ‘फ्रिज आहे ना घरात? त्याचं दार उघडलं की दिवा कसा लागतो?’ म्हटलं, दाराला बटण असतं. दार लावलं की ते दाबलं जातं आणि दिवा विझतो. ‘मग झालं तर. हे तेच आहे!’

आणि खरंच तेच होतं. गाडीच्या दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या बाजूला किंवा कडीच्या बाजूला, रबरी टोपी घातलेलं एक छोटं बटण असतं. दार लावलं की ते आत दाबलं जातं, दार उघडलं की बाहेर येतं. बॅटरीची एक वायर फ्यूजमधून छतातल्या दिव्यापर्यंत कायमची आलेली असते. दुसऱ्या बाजूला वायरीऐवजी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरलेला असतो. बटण बाहेर आलं की दिवा त्या सांगाड्याला जोडला जातो, फेरा पूर्ण होतो आणि दिवा लागतो. आता हे बटण असतं दाराच्या कडेला, म्हणजे पावसाचं पाणी नेमकं तिथेच. गंज चढतो, चिकटतं, जोडणी तुटते. नव्या महागड्या गाड्यांत हे बटण दाराच्या कुलपातच असतं आणि दिव्याचा कारभार छोट्या कॉम्प्युटरकडे असतो. पण जुन्या आणि साध्या गाड्यांत कारभार असा फ्रिजसारखाच.

काकांनी मला एक क्रम शिकवला. तो मी तुम्हालाही सांगते, कारण तो समजायला विज्ञान शाखेची पदवी लागत नाही.

सगळ्यात आधी दिव्याशेजारची खिट्टी बघायची. तिच्या तीन जागा असतात. एका जागी दिवा कायम चालू, एका जागी कायम बंद आणि मधल्या जागी दार उघडलं तरच चालू. कितीतरी वेळा मुलांनी खेळताना खिट्टी बंदवर नेलेली असते आणि आपण ‘दिवा बिघडला’ म्हणून बसतो!

मग खिट्टी ‘चालू’वर न्यायची. दिवा लागला, तर बल्ब चांगला आहे आणि फ्यूजही चांगला आहे. म्हणजे दोष दाराच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत. मग खिट्टी मधल्या जागी आणून एकेक दार उघडून बघायचं. ज्या दाराने लागत नाही, ते बटण गुन्हेगार. मात्र काही छोट्या गाड्यांत मागच्या दारांना बटणच दिलेलं नसतं, हे लक्षात ठेवायचं.

खिट्टी ‘चालू’वर नेऊनही दिवा लागला नाही, तर गाडीतलं दुसरं काय बंद पडलंय ते बघायचं. घड्याळ, टेप किंवा मोबाइल चार्ज करायची जागा, यापैकी काही दिव्याबरोबर बंद असेल, तर बहुतेक फ्यूज गेलाय, कारण बऱ्याच गाड्यांत या सगळ्यांचा मिळून एकच फ्यूज असतो. बाकी सगळं चालू आणि फक्त दिवा बंद असेल, तर आधी बल्बवर संशय घ्यायचा.

दारं लावूनही दिवा जळतच राहिला, तर एखादं दार किंवा डिकी नीट लागलेली नसते, नाहीतर बटण नीट आत दाबलं जात नसतं. प्रत्येक बटण बोटाने दाबून बघितलं की कळतं. आणि दिवा लुकलुकत असेल, तर बल्ब ज्या पितळी चिमट्यांत बसतो ते सैल झालेले असतात.

आमच्या गाडीत काय निघालं? खिट्टी ‘चालू’वर नेली की दिवा लागत होता. दोन्ही पुढची दारं तपासली. दोन्हीकडची बटणं गंजलेली. एक स्क्रू काढला, बटण बाहेर ओढलं, त्याची वायर आत पडू नये म्हणून चिकटपट्टीने दाराला चिकटवून ठेवली. ही युक्ती काकांची. गंज पॉलिश पेपरने घासला, स्क्रूची जागा घासली, पुन्हा बसवलं. दार उघडलं. दिवा लागला! मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. वेळ लागला पाऊण तास, खर्च पॉलिश पेपरचा. साडेचार हजारांचं वायरिंग जिथल्या तिथे शाबूत. बॅटरी मात्र नवी घ्यावी लागली, तिचं वय झालंच होतं.

मी काकांना विचारलं, एवढ्याशा दिव्याने एवढी मोठी बॅटरी कशी संपली? त्यांनी कागदावर हिशोब मांडून दाखवला. आमचा बल्ब दहा वॅटचा, बॅटरी बारा व्होल्टची. म्हणजे तासाला साधारण ०.८ अँपिअर-तास. चौदा तासांत जवळजवळ १२. छोट्या गाडीची नवी बॅटरी ३५ची असते, तिने हे सोसलं असतं. पण चार वर्षांच्या बॅटरीत तेवढी साठवण राहिलेलीच नसते. किराणा मालाचा हिशोब करणाऱ्या बाईला हा हिशोब कळणार नाही? आम्हाला तो कुणी दाखवलाच नव्हता, एवढंच.

इथेच माझं खरं म्हणणं आहे. ‘बायकांना मशीनमधलं कळत नाही’ हे आपण इतक्या वेळा ऐकलंय, की आपलाही त्यावर विश्वास बसलाय. पण जरा बघा ना. शिलाई मशीनचा दोरा सारखा तुटायला लागला तर तुम्ही काय करता? आधी सुई वाकडी आहे का बघता, मग दोरा नीट ओवलाय का, मग ताण, मग बॉबिन केस, मग तेल. कुकरची शिट्टी होत नसेल तर? आधी गॅस्केट, मग शिट्टीत काही अडकलंय का, मग आत पाणी घातलंय का. सोप्या गोष्टीपासून सुरुवात करायची, एकेक शक्यता बाद करत जायचं. काकांनी मला शिकवलेला क्रम यापेक्षा वेगळा कुठे आहे? फरक इतकाच, की कुकर दुरुस्त केला तर त्याला ‘स्वयंपाकघरातलं काम’ म्हणतात आणि गाडीचा दिवा दुरुस्त केला तर ‘टेक्निकल’ म्हणतात!

आणि गाडीचा इतिहास तरी काय सांगतो? जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनी मोटारगाडी बनवली, हे आपण शाळेत शिकलो. पण १८८८च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या बायकोने, बर्था बेंझ यांनी, नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती तीनचाकी गाडी मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, आपल्या माहेरी नेली. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर! तोवर एवढा लांबचा प्रवास मोटारीने कुणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंजिनाला ठिणगी देणारी वायर उघडी पडून घासू लागली, तर पायमोजे वर धरून ठेवायचा पट्टा तिच्यावर गुंडाळला, असं सांगतात. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातला वायरिंगचा बिघाड एका बाईने, अंगावरच्या वस्तूने दुरुस्त केला. आणि आम्हाला म्हणे ‘नाही कळायचं’!

हे सगळं मी घरी सांगितलं, तर माझ्या जाऊबाई म्हणाल्या, ‘तुझं आपलं काहीतरीच. स्वयंपाक आपण करायचा, मुलांचा अभ्यास आपण घ्यायचा, सासूबाईंची औषधं आपण बघायची. आता गाडीचे दिवेही आपणच लावायचे का? तेवढं एक काम तरी त्यांच्याकडे राहू दे!’ त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही. ‘स्त्री सक्षम झाली’ म्हणता म्हणता तिच्या डोक्यावर आणखी एक पाटी चढवायची, हे आपल्याकडे नेहमीच होतं. पण जाऊबाई, काम येणं वेगळं आणि काम आपल्या गळ्यात पडणं वेगळं. मला दिवा दुरुस्त करता येतो याचा अर्थ तो दरवेळी मीच करायचा असा नाही. ह्यांनी करावा, गॅरेजवाल्याने करावा, मुलाने करावा. पण ‘सगळं वायरिंग बदला’ असं कुणी म्हटलं, तर ‘आधी बटण तपासलंत का?’ एवढं विचारता यायला हवं. त्या एका प्रश्नाने समोरच्याचा सूर बदलतो. हा माझा अनुभव आहे.

सगळे गॅरेजवाले लुबाडतात असं मला म्हणायचं नाही. प्रामाणिक, कष्टाळू माणसं खूप आहेत आणि त्यांच्याशिवाय आपलं चालतही नाही. पण अडाणी गिऱ्हाईक समोर आलं की प्रामाणिक माणसालाही सोपं उत्तर सुचतं, आणि सोपं उत्तर म्हणजे ‘सगळं बदला’. गॅरेजवाल्याला दोष देण्याआधी आपण आपलं अडाणीपण थोडं कमी करूया की.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. श्रावणातल्या बचत गटाच्या बैठकीला गाडी मंदिराच्या आवारात उभी केली आणि अकरा जणींना भोवती गोळा केलं. काका होतेच. स्टीअरिंगच्या खालचं झाकण काढलं आणि फ्यूजची पेटी दाखवली. रंगीबेरंगी, नखाएवढ्या चकत्या. बायका म्हणाल्या, ‘अगंबाई, पेपरमिंटच्या गोळ्या जणू!’ हे रंग उगाच नसतात. लाल म्हणजे दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. चकती पारदर्शक असते. उजेडात धरली की आतली धातूची बारीक पट्टी दिसते. अखंड असली तर फ्यूज चांगला, तुटलेली किंवा काळी पडलेली असली तर गेला. कुठला फ्यूज कशाचा, ते गाडीच्या माहितीपुस्तकात आणि पुष्कळदा झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं.

काकांनी मुद्दाम एक गेलेला फ्यूज बसवून ठेवला होता. एकीने, पापड लाटण्यात जिचा हात कुणी धरू शकत नाही तिने, पुस्तकात बघून तो शोधला, चिमट्याने काढला, त्याच रंगाचा दुसरा बसवला. दिवा लागला. ती दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, ‘एवढंच? एवढंच होतं होय?’ सगळ्या हसल्या. मला मात्र त्या ‘एवढंच’ने विचारात पाडलं. आयुष्यातल्या किती गोष्टी आपण अवघड समजून लांब ठेवल्या असतील? बँकेचा फॉर्म, सातबाराचा उतारा, गॅसचा रेग्युलेटर, गाडीचा फ्यूज. झाकण काढून कुणी दाखवलंच नाही, म्हणून त्या अवघड राहिल्या.

एक कॉलेजात जाणारी मुलगी लगेच विचारते, ‘माझ्या स्कूटीला पण फ्यूज असतो का?’ असतो की! बहुतेक स्कूटरना तो बॅटरीच्या जवळपासच असतो. तिने तिथल्या तिथे झाकण उघडून शोधला.

आता सावधगिरीच्याही गोष्टी सांगते, कारण अर्धवट ज्ञान वाईट. किल्ली बंद केली तरी या छतातल्या दिव्यापर्यंत वीज येतच असते. म्हणून बल्ब काढण्याआधी त्याचा फ्यूज उपसून ठेवायचा. बल्ब नुकताच जळत असेल तर थंड होऊ द्यायचा. दिव्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढताना पेचकसाला कापड गुंडाळायचं, म्हणजे झाकण तडकत नाही. बल्ब दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला, छोट्या कॅप्सूलसारखा असतो. जुना दुकानात दाखवून तेवढ्याच लांबीचा आणि तेवढ्याच वॅटचा आणायचा. जास्त उजेडाच्या हौसेने मोठा बल्ब लावला तर झाकण वितळतं. एलईडी घेतलात तर वीज कमी लागते. तो लागला नाही तर काढून उलटा बसवून बघायचा, काही एलईडी एकाच बाजूने चालतात.

फ्यूज गेला तर त्याच रंगाचाच घालायचा. दहाचा गेला म्हणून वीसचा घातला, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाहीतर तारेचा तुकडा अडकवला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. गाड्यांना आगी लागतात त्या अशा जुगाडांनी. नवा फ्यूज लगेच पुन्हा गेला, तर तिसरा घालायचा नाही. कुठेतरी वायर उघडी पडून गाडीच्या लोखंडाला लागते आहे, तिथे गॅरेजच हवं. पावसाळ्यात उबेला येऊन बसलेले उंदीर वायरी कुरतडतात, हेही एक कारण असतं.

बॅटरीपाशी हात घालायचा असेल तर धातूच्या बांगड्या, अंगठी, लोंबणारं मंगळसूत्र आधी बाजूला काढून ठेवायचं. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, पण बांगडी दोन टोकांना टेकली तर क्षणात तापून हात भाजतो. पिवळ्या वेष्टणाच्या वायरी सहसा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. विजेवरच्या आणि हायब्रीड गाड्यांतल्या जाड नारिंगी वायरींच्या तर जवळही जायचं नाही, त्यांत जिवावर बेतणारी वीज असते. कुठे थांबायचं हे कळणं हाही शिकण्याचाच भाग आहे. दूध उतू जाण्याआधी गॅस बारीक करणाऱ्या आपण, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

माझी ड्रायव्हिंग क्लासवाल्यांनाही एक विनंती आहे. क्लच-ब्रेक शिकवता, रिव्हर्स शिकवता, तशी शेवटच्या दिवशी अर्धा तास फ्यूजची पेटी, बॅटरी आणि स्टेपनीही दाखवा. मुलांना दाखवा, मुलींनाही दाखवा. आणि घरातल्या पुरुषांना विनंती अशी, की गाडीचं बॉनेट उघडलं की मुलाला हाक मारता, तशी मुलीलाही मारा. ती टॉर्च धरून नुसती उभी राहिली तरी खूप शिकेल.

येत्या संक्रांतीला आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, यावर चर्चा चालू आहे. दरवर्षी स्टीलची वाटी नाहीतर प्लॅस्टिकचा डबा ठरलेला. मी सुचवलंय, या वर्षी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना फ्यूजची एक छोटी पुडी आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना एक छोटी टॉर्च देऊया. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. जाऊबाई मात्र, आश्चर्य म्हणजे, ‘चालेल’ म्हणाल्या!

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी गाडी दारात आली की एक करा. दार उघडून वर बघा, दिवा लागतो का. प्रत्येक दाराने लागतो का. खिट्टी मधल्या जागी आहे ना, ते बघा, आणि उतरताना तो विझला की नाही याकडे एकदा मागे वळून लक्ष द्या. गाडीचं पुस्तक कपाटातून काढून फ्यूजची पेटी कुठे आहे ते शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. रात्री-अपरात्री कुणीतरी कुठल्यातरी फाट्यावर आपली वाट बघत असेल, तर निदान आपण दिव्यापायी उशिरा पोचायला नको.

आणि फ्यूज सापडला, तर मला जरूर कळवा. ‘एवढंच होतं होय!’ असं लिहिलंत तरी मला समजेल.